एकवीस दिवसांचा पाऊस

"जोगदंड सर, सोमवारी तहसीलला सुनावणी आहे. तुमचं रजिस्टर घेऊन चला. आता सगळं त्याच्यावरच आहे."

प्राचार्यांनी मला व्हरांड्यात गाठून हे सांगितलं. शुक्रवार होता. पितृपंधरवडा चालू होता आणि ऊन वैशाखासारखं पडलं होतं. माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात त्या दिवशी अठरा मुलं होती. पटावर साठ.

मी भूगोल शिकवायचो. शिरूर कासारच्या बाजूचं एक लहान कला महाविद्यालय; दोन इमारती, एक मैदान, सायकलींसाठी पत्र्याचं शेड. इमारतीच्या मागं तारेच्या कुंपणात आमचं पर्जन्यमापक होतं. गावातली माणसं त्याला 'सरांचा डबा' म्हणायची. त्यात विशेष काही नसतं. वर एक नरसाळं, खाली बाटली. पाऊस नरसाळ्यातून बाटलीत पडतो. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं. मोजपात्र म्हणजे रेघा आखलेला काचेचा उभा पेला. पाणी ज्या रेघेला टेकेल तो आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. त्याखालचा पाऊस माणसाला भिजवतो, पिकाच्या कामाचा नसतो.

हे रजिस्टर मी नोकरीला लागलो त्या वर्षापासून ठेवत होतो. सरकारनं मागितलं नव्हतं. मुलांना शिकवायला उपयोगी पडावं एवढाच हेतू होता. त्या वर्षी पहिल्यांदा त्याची कुणाला तरी गरज पडली.

झालं होतं असं. महसुलाच्या कामासाठी तालुक्याची मंडळं केलेली असतात. एका मंडळात दहा-पंधरा गावं. प्रत्येक मंडळाला पाऊस मोजायचं एक सरकारी मशिन. आमच्या मंडळाचं मशिन होतं पार दुसऱ्या टोकाला, दूध संघाच्या आवारात. ऑगस्टमध्ये त्या टोकाला दोनदा धो धो पाऊस झाला. मशिननं तो बरोबर मोजला. मशिनची काहीच चूक नव्हती. पण त्यानं जे मोजलं ते सगळ्या मंडळाच्या नावावर लागलं आणि आमची बारा गावं कागदावर भिजली. शेजारची दोन मंडळं दुष्काळाच्या यादीत जाणार होती. आमचं नाही.

यादीत नाव येण्याचा अर्थ आमच्याकडं सरळ होता. चारा छावणी उघडते. छावणीत जनावरं जगतात. जनावरं जगली तर दूध संघाला दूध जात राहतं, आणि दूध चालू असलेलं घर ऊसतोडीला जात नाही. घर गेलं नाही तर पोरगी कॉलेजात राहते. शिवाय परीक्षा फी माफ होते. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोड करणाऱ्या घरांतली होती. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात आणि गावं रिकामी होतात. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि दूध संघाचे चेअरमन एकच. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. हरकत त्यांनीच घेतली होती. म्हणणं असं, की मंडळाच्या आमच्या टोकाला पाऊस झालेला नाही आणि त्याची रोजची नोंद कॉलेजात आहे. ते खरंच होतं. उडदाला शेंगच धरली नव्हती. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती.

शनिवारी मी तयारीला बसलो. रेणुकाला बोलावून घेतलं होतं. ही द्वितीय वर्षाची मुलगी कॉलेजचा वार्ताफलक लिहायची. प्रवेशद्वाराजवळ एक काळा फळा होता. त्यावर ती रोज सकाळी कॉलेजातल्या घडामोडी खडूनं लिहायची. कोण स्पर्धेत पहिलं आलं, कुणाचं व्याख्यान आहे, ग्रंथालय किती वाजता बंद होईल. अक्षर टपोरं, कानामात्रा चोख. फळा रोज पुसला जातो म्हणून आधी वहीत लिहायची. ती वही तिनं आणली होती.

"सर, पावसाबद्दल जेवढं लिहिलंय तेवढं वाचून दाखवते. रजिस्टरला जोड होईल ना?"

"होईल. वाच."

कल्पना तिचीच होती. जूनपासून ती वाचत गेली, मी रजिस्टरमधल्या त्या त्या तारखेवर खूण करत गेलो. 'वृक्षारोपण पावसाअभावी पुढे ढकलले.' रजिस्टरला शून्य. 'वसतिगृहास एक दिवसाआड पाणी.' त्या आठवड्यात सगळे शून्य. सगळं छान जुळत होतं. मग ती ऑगस्टवर आली.

"'कालच्या जोरदार पावसाने मैदानात पाणी साचल्यामुळे व्हॉलीबॉलचा सामना रद्द.'"

मी तारीख पाहिली. रजिस्टरला शून्य होतं.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मग स्वतःच उठून माझ्या बाजूला आली आणि रजिस्टरमध्ये बघितलं. पानं उलटून पुढची नोंद काढली. "'ग्रंथालयाचे छत गळाल्याने संदर्भ विभागातील पुस्तके हलविली.'" त्या तारखेलाही शून्य.

"सर, माझं चुकलं असंल," ती म्हणाली.

तिचं चुकलेलं नव्हतं. त्या तारखा बघूनच मला कळलं. त्या तीन आठवड्यांत मी इथं नव्हतो. औरंगाबादला रिफ्रेशर कोर्सला गेलो होतो. हा कोर्स प्राध्यापकांना नोकरीत ठरावीक वर्षांनी करावा लागतो, एकवीस दिवसांचा असतो. जाताना मी नोंदीचं काम किसनमामांकडं सोपवलं होतं. मामा कॉलेजचे सगळ्यात जुने शिपाई. मी नसताना आधीही त्यांनी नोंदी घेतल्या होत्या. परत आल्यावर मी रजिस्टर उघडलं, एकवीस नोंदी पाहिल्या आणि खाली 'तपासले' लिहून सही केली. एकवीस नोंदींना एक सही. काय तपासलं होतं, तर रकाने भरलेत एवढंच.

मामा तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी होते. मी त्यांना कुंपणात घेऊन गेलो. मोजपात्रात थोडं पाणी ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"मामा, हे किती आहे सांगा."

त्यांनी काच उन्हाकडं धरली. जवळ घेतली, लांब नेली. मग हळूच खाली ठेवली आणि तारेला धरून उभे राहिले.

"सर, मला त्या रेघा दिसत न्हाईत. वरीस झालं."

"मग तुम्ही आकडे कसे लिहिले?"

"बोट बुडवून बघायचो. अर्धं बोट भिजलं की पाच लिवायचो. निसतं टोक भिजलं तर शून्य."

"आणि व्हॉलीबॉलची मॅच रद्द झाली त्या दिवशी? मैदानात तळं झालं होतं मामा."

त्यांनी मान खाली घातली. "त्या दिशी चिखलात पाय घसरला. बाटली सांडली सगळी. मग काय लिवू? शून्य लिवलं."

"आणि ग्रंथालय गळालं तेव्हा?"

"तवा तर आलोच न्हाई इकडं. वड्याला पाणी आलतं. दुपारी आलो आन् लिवलं."

"मला फोन करायचा होता."

"केला आसता सर. पर तुमी आण्णास्नी सांगितलं आसतं, आन् आण्णांनी मला घरी बसवलं आसतं. आंधळा शिपाई कोन ठेवतो? दोन वर्सं राहिलीत माजी."

मला राग आला होता, पण तो मामांवर टिकेना. ज्या माणसाला वर्षभर दिसत नव्हतं, तो रोज माझ्या समोरून घंटा द्यायला जात होता. मला कधी कळलं नाही. कळायला मी कधी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

तिथूनच मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाले, "सर, हे कुणाला माहीत आहे?"

"मला, मामांना आणि रेणुकाला."

"मग ते तिथंच राहू द्या. वही जोडायची नाही. रजिस्टर जसं आहे तसं न्यायचं."

रविवारी सकाळी मी आण्णांकडं गेलो. दूध संघाच्या आवारात कॅन उतरत होते. पूर्वी दोन गाड्या दूध यायचं, त्या दिवशी एकीतच जागा शिल्लक होती. ते सरकारी मशिन तिथंच कोपऱ्यात, पांढऱ्या खांबावर उभं होतं. आण्णा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. मी सगळं सांगितलं.

"मला एक सांगा सर. तुमच्या गावात दुष्काळ हाय का न्हाई?"

"आहे."

"तुमच्या डब्यात ते दोन पाऊस मोजले आसते, तरी मशिनएवढे झाले आसते का?"

"नसते झाले. निम्मेसुद्धा नाहीत, असं मला वाटतं."

"मतलब दुष्काळ खराच हाय. आन् वहीत बी दुष्काळच लिवलाय. मग तुमची तकलीफ काय हाय?"

'मला वाटतं' आणि 'मी मोजलं' यांत फरक आहे, असं मी वर्गात शिकवायचो. त्या आवारात ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. रिकामे कॅन घेऊन माणसं परत निघाली होती. त्यांतल्या दोघांनी मला रामराम घातला.

"सोमवारी या, रजिस्टर ठेवा, घरी जा," आण्णा म्हणाले. "बोलायचं मी बोलतो."

मी हो म्हणालो. खरंच हो म्हणालो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी मला फार तत्त्वाचा माणूस समजून शिव्या दिल्या. मी गप्प बसायचं ठरवूनच तहसीलला गेलो होतो.

सोमवारी तहसीलच्या आवारात बाराही गावांतली माणसं आली होती. माझ्या वर्गातली सात-आठ मुलंही होती. रेणुका तिच्या आईबरोबर लिंबाखाली बसली होती. आत आण्णा, प्राचार्य आणि मी. तहसीलदार मॅडम वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या, पण काम व्यवस्थित. आण्णांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकलं. मग रजिस्टर पुढं ओढून पानं चाळली.

"फार छान ठेवलंय, सर. इतक्या वर्षांचं रजिस्टर मी पहिल्यांदाच बघतेय."

मी मान हलवली.

"हे मी शिफारशीसह जिल्ह्याला पाठवते. फक्त सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल." त्यांनी खूण केली तसा कारकुनानं टाइप केलेला कागद माझ्यापुढं ठेवला. "वाचा आणि सही करा."

मी वाचलं. 'सोबतच्या सर्व नोंदी माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली घेतलेल्या असून त्या माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या व बिनचूक आहेत.' मी पेन उघडलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. मी 'माझ्या माहितीप्रमाणे' या शब्दांवर बोट ठेवून बसलो. पळवाट असलीच तर त्या दोन शब्दांत असणार, असं वाटत होतं. पण शनिवारपासून माझी माहिती निराळी होती.

"काय झालं, सर?"

"मॅडम, यातले एकवीस दिवस मी इथं नव्हतो. त्या दिवसांच्या नोंदी बरोबर नाहीत."

आण्णांची खुर्ची करकरली.

मी जेवढं आवश्यक तेवढं सांगितलं. मामांच्या डोळ्यांचं सांगायचं नव्हतं, पण मॅडमनी विचारलं, कशामुळं बरोबर नाहीत. मग तेही सांगावं लागलं. शेवटी म्हणालो, "ते एकवीस दिवस वगळा. या वर्षीच्या बाकीच्या सगळ्या नोंदी मी स्वतः घेतल्यात. त्यावर सही करतो."

मॅडमनी ऑगस्टचं पान काढलं आणि शेजारी मशिनचा कागद ठेवला. दोन्हींवर पेन फिरवत त्या म्हणाल्या, "सर, मशिननं जे दोन मोठे पाऊस दाखवलेत ते याच एकवीस दिवसांत आहेत. तुमची हरकतच त्या दोन पावसांवर आहे. तेच दिवस वगळले तर मी वर काय पाठवू?"

प्राचार्य आण्णांकडं बघू लागले.

"पीक पाहणी होईल पुढं. त्यात येईल कदाचित," त्या म्हणाल्या. "पण आत्ताच्या यादीसाठी मला हे धरता येणार नाही." रजिस्टर मिटून त्यांनी माझ्याकडं दिलं. आण्णा उठून बाहेर गेले, त्यांच्यामागं प्राचार्य. मी निघालो तेव्हा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सही केली असती, तर मी पाठवलं असतं."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

बाहेर आण्णा माणसांच्या घोळक्यात उभे होते. मला बघून मोठ्यानं म्हणाले, "बारा गावांचं वाटोळं केलं तुमी. एका शब्दानं." मग जीपमध्ये बसून गेले. प्राचार्यही त्याच जीपमध्ये गेले. घोळक्यातल्या एकानं विचारलं, "कावून सांगितलं वो सर? इचारलं व्हतं का कुनी?" मी त्याला समजावू लागलो, तर तो निघूनच गेला.

रेणुका लिंबाखालून उठून आली. तिला कळलं होतं.

"सर, मी वही आणलीच नसती तर?"

"तर मला कळलं नसतं."

"आणि सही केली असती तुमी."

"हो."

तिनं पदराशी चाळा करणाऱ्या आईकडं बघितलं. आईला आमचं बोलणं नीट समजलं नव्हतं. ती मला म्हणाली, "सर, छावनी कवा उघडंल?" उत्तर रेणुकानंच दिलं. "न्हाई उघडत आय. चल." दोघी स्टँडकडं चालू लागल्या.

घटस्थापनेला यादी आली. शेजारची दोन मंडळं होती, आमचं नव्हतं. जनावरांचा बाजार भरला तेव्हा रेणुकाच्या वडिलांनी दोन म्हशी आणि गाय विकली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या वस्तीवर ट्रॅक्टर आला. ती घरच्यांबरोबर गेली. त्या आठवड्यात माझ्या वर्गात अकरा मुलं उरली. वार्ताफलक कुणी लिहायला घेतला नाही. कुणाला सांगावं असं मलाही वाटलं नाही.

दिवाळीनंतर पीक पाहणी झाली आणि दुसरी यादी आली. तिच्यात आमचं मंडळ होतं. परीक्षा फी माफ झाली. फॉर्म भरायची मुदत तेव्हा उलटून गेली होती. छावणी आमच्याच मैदानावर उघडली. गावात उरलेल्यांची जनावरं तिथं आली. ज्यांना छावणी हवी होती त्यांच्याकडं आणायला जनावरं नव्हती, आणि ते स्वतः पंढरपूर-सांगलीकडच्या उसाच्या फडात होते.

किसनमामांना आण्णांनी त्याच आठवड्यात घरी बसवलं. मला एक मेमो मिळाला. मी खुलासा दिला, तो फाईलला लागला, माझं प्रकरण संपलं. चूक दोघांची होती. शिक्षा कुणाला झाली ते सगळ्यांनी पाहिलं, पण त्याबद्दल स्टाफरूममध्ये एक शब्द निघाला नाही. मीही काढला नाही.

डिसेंबरात मी मामांना बीडला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. मोतीबिंदू होता. ऑपरेशनला अर्धा तासही लागला नाही. पट्टी काढल्यावर परत येताना ते एसटीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. माझ्या शेजारचा माणूस हसत होता. मला हसू येत नव्हतं. हे काम वर्षभर आधी एका सुट्टीत झालं असतं. गावाजवळ आल्यावर मामा गप्प झाले. उतरताना म्हणाले, "सर, आता दिसतंय तर आण्णास्नी इचारून बघता का?" मी विचारलं. जागेवर दुसरा माणूस घेतलेला होता.

रेणुका जूनमध्ये आली ती टीसी काढायला, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला. हातांना घट्टे पडले होते, चेहरा काळवंडला होता. मी योगायोगानं ऑफिसात होतो. क्लार्कनं विचारलं, "कारण काय लिहू?" ती म्हणाली, "लिवा काय बी." मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, नाव काढू नकोस, त्याच वर्गात परत बस, फीचं मी बघतो. तिनं ऐकून घेतलं. "फी न्हाई सर. घरचं ठरलंय आता." काय ठरलंय ते मी विचारलं नाही. टीसीची घडी घालून ती गेली.

त्यानंतर मी नवीन रजिस्टर आखलं. नोंद कुणी घेतली त्याची सही रोजची रोज, आणि शेवटी आणखी एक रकाना. त्यात फक्त दोनच शब्द लिहायचे: 'नोंद नाही.' काही कारणानं मोजता आलं नाही, तर शून्य लिहायचं नाही, हे लिहायचं. नव्या शिपायाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की हे लिहिलं म्हणून तुला कुणी काही बोलणार नाही. शून्य म्हणजे आपण पाहिलं आणि पाऊस नव्हता. 'नोंद नाही' म्हणजे आपण पाहिलंच नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत. मी भूगोलाचा प्राध्यापक, आणि मला हे समजायला पन्नाशी उलटली.

मी निवृत्त झालो तेव्हा त्या रकान्यात 'नोंद नाही' असं नऊ वेळा लिहिलेलं होतं. त्यातल्या सात वेळा खाली सही माझी आहे.